घटक ७ : ऊर्जा सुरक्षा आणि कायद्याचे राज्य – धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –

- 'ऊर्जा सुरक्षा' व 'कायद्याचे राज्य' या दोन संकल्पनांचा अर्थ स्पष्ट करता येईल.
- दाभोळ वीज प्रकल्पाच्या आधारे करार आणि ऊर्जा सुरक्षा यांचा संबंध सांगता येईल.
- धाराशिव जिल्ह्यातील पवनऊर्जा प्रकल्पांच्या निमित्ताने उद्भवणारे जमीनविषयक कायदेशीर प्रश्न विशद करता येतील.
- वीजग्राहक म्हणून असलेले हक्क, कर्तव्ये व तक्रार निवारणाची व्यवस्था सांगता येईल.
- ऊर्जा प्रकल्पांना कायद्याची प्रक्रिया अडथळा ठरते काय, या प्रश्नाची चिकित्सा करता येईल.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण ऊर्जेची साधने आणि त्यांचे अर्थकारण यांचा अभ्यास केला. 'ऊर्जा सुरक्षा' हा शब्द उच्चारला की आपल्यासमोर कोळशाच्या खाणी, तेलवाहू जहाजे व मेगावॅटचे आकडे उभे राहतात. हे चित्र खोटे नाही, परंतु अपुरे आहे. वीज निर्माण होते ती कोणाच्या तरी जमिनीवर, वाहते ती कोणाच्या तरी शेतावरून, विकली जाते ती कोणत्या तरी कराराने आणि पोहोचते ती कोणत्या तरी ग्राहकाच्या घरी. या चारही ठिकाणी माणसांमाणसांतील संबंध असतात आणि ते संबंध नियमाने चालतात की बळाने, यावर ऊर्जेची शाश्वती अवलंबून असते.

या अभ्यासासाठी धाराशिव जिल्हा हे उचित क्षेत्र आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी अशा आठ तालुक्यांचा हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांची निवड केली, त्यांत याचा समावेश होता. येथील शेती विहिरी व कूपनलिकांवर, म्हणजेच पर्यायाने विजेवर अवलंबून आहे. दुसऱ्या बाजूस बालाघाटच्या पठारावरील वारा आणि वर्षातील बहुतेक महिने लाभणारे ऊन यांमुळे हाच जिल्हा आता वीजनिर्मितीचे क्षेत्र बनत आहे. कौडगाव येथे महानिर्मिती कंपनीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, तर भूम, वाशी, कळंब आदी तालुक्यांच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. वीज मागणारा जिल्हा आता वीज देणाराही होत आहे. या दुहेरी भूमिकेमुळे निर्माण झालेल्या प्रश्नांचा विचार आपण या घटकात करणार आहोत.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ दोन संकल्पना

*ऊर्जा सुरक्षा* म्हणजे परवडणाऱ्या किमतीत ऊर्जेची अखंड उपलब्धता. १९७३ च्या तेलसंकटानंतर ही संकल्पना जगभर रूढ झाली आणि १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेची स्थापना झाली. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. म्हणून देशात उपलब्ध असणाऱ्या ऊन व वारा या साधनांना राष्ट्रीय महत्त्व आले आहे. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचे उद्दिष्ट देशाने स्वीकारले आहे. स्थानिक पातळीवरही ऊर्जा सुरक्षेचा अर्थ तितकाच ठोस आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक वीज केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळसा असूनही पाणी नसेल तर वीज नाही, हा धडा मराठवाड्याने प्रत्यक्ष अनुभवला आहे.

*कायद्याचे राज्य* या संकल्पनेची शास्त्रशुद्ध मांडणी ए. व्ही. डायसी या इंग्रज विधिज्ञाने १८८५ मध्ये केली. कोणीही कायद्याहून श्रेष्ठ नाही, सर्वांना समान कायदा लागू आहे आणि व्यक्तीचे हक्क न्यायालयांकडून संरक्षित होतात, हा तिचा गाभा होय. आपल्या संविधानात अनुच्छेद १४ मधील समानता, अनुच्छेद २१ मधील जीविताचा हक्क आणि अनुच्छेद ३००-अ मधील तरतूद यांतून ही संकल्पना प्रकटते. कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे अनुच्छेद ३००-अ सांगतो. 'वीज' हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत असल्याने केंद्र व राज्य या दोहोंनाही त्यावर कायदे करता येतात.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. कायदा असणे आणि कायद्याचे राज्य असणे या भिन्न गोष्टी आहेत. एखादी कृती कलमात बसते, एवढ्याने कायद्याचे राज्य सिद्ध होत नाही. तो कायदा सर्वांना ज्ञात आहे काय, दुर्बळालाही तो वापरता येतो काय आणि सत्ता वापरणाऱ्याला कारणे द्यावी लागतात काय, हे प्रश्नही विचारावे लागतात.

७.३.२ शासन आणि वीज कंपनी : दाभोळचा धडा

ऊर्जा सुरक्षेच्या नावाखाली प्रक्रिया डावलली तर काय घडते, याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पासाठी डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळ व एन्रॉनप्रणीत दाभोळ वीज कंपनी यांच्यात वीज खरेदी करार झाला. राज्याला विजेची निकड होती, हे खरे. परंतु हा करार स्पर्धात्मक निविदा न काढता वाटाघाटींनी झाला. विजेच्या किमतीचा भार मंडळाला पेलेल काय, याविषयी आरंभापासूनच गंभीर शंका होत्या. १९९५ मध्ये नव्या शासनाने करार रद्द केला आणि पुढे फेरवाटाघाटी करून तो पुन्हा स्वीकारला. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची निर्मिती सुरू झाली. महागडी वीज घेणे मंडळाला अशक्य झाले, देणी थकली आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. राज्य शासनाने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने या व्यवहारातील निर्णयप्रक्रियेवर कठोर टीका केली.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, घाईने व बंद दाराआड केलेला करार टिकत नाही, कारण त्याला लोकांची मान्यता नसते. दुसरा, केलेला करार राजकीय सोयीने मोडला-जोडला तर पुढील गुंतवणूकदार जोखीम वाढली असे मानतो आणि त्याची किंमत अखेर ग्राहकच भरतो. म्हणजे प्रक्रियेचा आदर आणि वचनाचा आदर, दोन्ही लागतात.

पुढील काळात व्यवस्थेत बदल झाले. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. विद्युत अधिनियम, २००३ ने नियामकाचे अधिकार विस्तारले. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या कार्यरत झाल्या. आता दरनिश्चितीपूर्वी जाहीर सुनावणी होते व सामान्य ग्राहकही तेथे हरकत नोंदवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये असा निर्णय दिला की, इंडोनेशियातील कोळसा महागला एवढ्या कारणावरून वीज कंपन्यांना कराराबाहेर पडता येणार नाही. करार शासनाला बांधतो, तसा कंपनीलाही बांधतो, हे तत्त्व यातून दृढ झाले.

> स्वयंअध्ययन प्रश्न – १
> (अ) ऊर्जा सुरक्षेची व्याख्या एका वाक्यात लिहा.
> (आ) मालमत्तेच्या संरक्षणाशी संबंधित संविधानातील अनुच्छेद कोणता?
> (इ) राज्य वीज मंडळाच्या विभाजनातून कोणत्या तीन प्रमुख वीज कंपन्या कार्यरत झाल्या?

७.३.३ प्रकल्प आणि जमीनधारक : माळावरची पवनचक्की

धाराशिव जिल्ह्यातील पवनऊर्जा प्रकल्पांत जमिनीचे दोन प्रकारचे व्यवहार होतात. त्यांना लागू होणारे कायदे वेगळे आहेत आणि बहुतेक वाद या दोहोंची गल्लत झाल्याने वाढतात.

*पहिला प्रकार : पवनचक्कीची जागा.* खाजगी कंपनी शेतकऱ्याकडून जमीन खरेदी करते किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेते. हा परस्पर संमतीचा व्यवहार आहे. शेतकऱ्याने 'नाही' म्हटले तर कंपनीला त्या जागी पवनचक्की उभारण्याचा अधिकार नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करणे १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार बंधनकारक आहे. कोऱ्या मुद्रांकावरील सही किंवा दलालाचा तोंडी शब्द यांना या व्यवहारात स्थान असता कामा नये.

मराठवाड्यात याला एक ऐतिहासिक पदर आहे. निजामी राजवटीतील इनाम जमिनींचा प्रश्न हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याच्या १९५४ च्या अधिनियमानंतरही पूर्णपणे मिटलेला नाही. भोगवटादार वर्ग २ म्हणून नोंद असलेल्या जमिनीचे हस्तांतरण सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही. शेतकरी पिढ्यान् पिढ्या जमीन कसत असला तरी सातबाऱ्यावरील नोंद अस्पष्ट असेल तर त्याचा मोबदला अडकतो आणि कंपनीची गुंतवणूकही धोक्यात येते. स्वच्छ अधिकार अभिलेख ही जशी शेतकऱ्याची गरज आहे, तशीच ती ऊर्जा सुरक्षेचीही पूर्वअट आहे.

*दुसरा प्रकार : वीजवाहिनीचा मार्ग.* येथे चित्र पालटते. विद्युत अधिनियमाच्या कलम १६४ नुसार समुचित शासन आदेशाद्वारे वीजवाहिनी उभारणाऱ्याला तार प्राधिकरणाचे अधिकार देऊ शकते. हे अधिकार भारतीय तार अधिनियम, १८८५ मधील आहेत. डायसीचा ग्रंथ व हा अधिनियम एकाच वर्षातील आहेत, हा योगायोग मनन करण्याजोगा आहे. एक ग्रंथ नागरिकाला सत्तेपासून संरक्षण देऊ पाहतो, तर दुसरा दस्तऐवज वसाहतीच्या सरकारला रयतेच्या शेतात खांब रोवण्याची मुभा देतो. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने जुना तार कायदा निरसित करण्याची तरतूद केली, तरी वीजवाहिन्यांपुरत्या त्यातील तरतुदी पुढे चालू ठेवल्या आहेत.

अशा आदेशाखाली वाहिनी टाकताना जमीनधारकाची पूर्वसंमती लागत नाही. मात्र कायदा त्याला निराधारही सोडत नाही. कमीत कमी नुकसान करावे व झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी, असे कलम १० सांगते. काम करण्यास विरोध झाल्यास कंपनीने स्वतः बळ वापरायचे नसून जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवायचा असतो. भरपाई अपुरी वाटल्यास कलम १६ अन्वये जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. कलम १६४ चा आदेशच नसेल, तर परवानाधारकाला २००६ च्या नियमांनुसार जमीनधारकाची संमती घ्यावी लागते व हरकत आल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी मिळवावी लागते. म्हणून शेतात मोजणीसाठी आलेल्या प्रतिनिधीला विचारावयाचा पहिला प्रश्न 'भाव किती?' हा नसून 'आदेश कोठे आहे?' हा आहे.

भरपाईच्या प्रमाणातही बदल झाला आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनोऱ्याखालील जमिनीसाठी जमीन मूल्याच्या ८५ टक्के व तारांखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के भरपाई सुचविली होती. जून २०२४ च्या तत्त्वांत हे प्रमाण अनुक्रमे २०० टक्के व ३० टक्के करण्यात आले. ही तत्त्वे राज्यांनी स्वीकारल्यावर लागू होतात, हे विसरू नये.

जिल्ह्यात मोबदल्यातील तफावत, पिकांची नासाडी आणि अवजड वाहनांनी खराब झालेले शेतरस्ते यांविषयी शेतकऱ्यांनी निवेदने दिली, आंदोलने केली. एका बांधाच्या अलीकडे एक दर व पलीकडे दुसरा, असे घडले की मनात सल राहतो. असे समजा की, दोन एकर कोरडवाहूचा मालक असलेल्या शेतकऱ्याच्या शेताच्या मधोमध मनोरा उभा राहिला. त्याला विजेचा विरोध नाही. दर कसा ठरला, हे त्याला कोणी सांगितले नाही, हे त्याचे दुःख आहे. कारण सांगण्याचे बंधन हा कायद्याच्या राज्याचा प्राण आहे आणि ते पाळले न गेल्यास रास्त मोबदलाही अन्यायकारक वाटू लागतो.

७.३.४ वितरण कंपनी आणि ग्राहक

जमीन देणाऱ्या शेतकऱ्याच्या विहिरीवरील मोटारीला मात्र अनेकदा रात्रीच वीज मिळते. अंधारात, सर्पदंशाच्या भयात पिकाला पाणी देणे हा येथील शेतकऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. दिवसा वीज मिळावी यासाठी शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० सुरू केली आहे. तीत कृषी वाहिन्यांसाठी सौर प्रकल्प उभारण्यास भाड्याने दिलेल्या खाजगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद आहे. दर आधीच जाहीर असल्याने येथे घासाघीस व संशय यांना वाव कमी राहतो, हा लक्षणीय फरक आहे.

विद्युत अधिनियम ग्राहकाला पुढील संरक्षण देतो :

१. *पुरवठ्याचा हक्क* – मागणी केल्यावर विहित मुदतीत वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे (कलम ४३).
२. *नोटिशीचा हक्क* – थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे (कलम ५६).
३. *कृतिमानके* – सेवेची मानके न पाळल्यास ग्राहकाला भरपाई मिळते (कलम ५७). राज्य आयोगाच्या २०१४ च्या विनियमांत ग्रामीण भागातील नादुरुस्त रोहित्र, ज्याला आपण गावात 'डीपी' म्हणतो, ते ४८ तासांत पूर्ववत करण्याचे मानक होते.
४. *तक्रार निवारण* – ग्राहक तक्रार निवारण मंच व त्यानंतर विद्युत लोकपाल अशी व्यवस्था आहे (कलम ४२).

आता एक कठीण प्रश्न पाहू. भारनियमनाच्या काळात राज्यात असे धोरण राबविले गेले की, ज्या भागात वीजगळती अधिक व वसुली कमी, तेथे भारनियमन अधिक. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात तर्क आहे. परंतु त्याच वाहिनीवर नियमित बिल भरणारे कुटुंबही अंधारात बसते. कृषिपंपांच्या थकबाकीसाठी संपूर्ण रोहित्राचाच पुरवठा बंद केल्याच्या तक्रारीही राज्यात वेळोवेळी झाल्या. कलम ५६ थकबाकीदार व्यक्तीबद्दल बोलते, तिच्या शेजाऱ्याबद्दल नव्हे. 'सुक्याबरोबर ओलेही जळते' ही म्हण व्यवहारात खरी असेल, पण ती कायद्याचे तत्त्व होऊ शकत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. तारेवर आकडा टाकून वीज घेणे हा कलम १३५ खाली दंडनीय अपराध आहे. एकाच्या आकड्याने रोहित्रावरील भार वाढतो, ते जळते आणि साऱ्या शिवाराचे पीक वाळते. तसेच शासनाने एखाद्या घटकाला सवलत देण्याचे ठरविले तर तिची रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यावी, असे कलम ६५ सांगते. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना जाहीर झाली. ती टिकण्यासाठी हे कलम काटेकोरपणे पाळले जाणे अगत्याचे आहे. कायद्याचे राज्य ग्राहक, कंपनी व शासन या तिघांनाही बांधते.

७.३.५ भय आणि खंडणी

९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. पवनऊर्जा प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या हत्येचा संबंध असल्याचा तपास यंत्रणेचा आरोप असून प्रकरण न्यायालयासमोर आहे. केज तालुका धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्याला लागून आहे. दोषनिश्चिती हे न्यायालयाचे काम आहे. परंतु अभ्यासक म्हणून आपण एवढे निश्चित म्हणू शकतो की, जेथे प्रकल्पासोबत पैसा येतो आणि नियमन दुबळे असते, तेथे मधल्या जागेत बळाचा व्यापार उभा राहतो. त्याचा पहिला बळी सामान्य माणूस ठरतो. दुसरा बळी विश्वास असतो, कारण प्रामाणिक गुंतवणूकदार मागे फिरतो आणि शेतकरी प्रत्येक नव्या प्रकल्पाकडे संशयाने पाहू लागतो.

७.३.६ एक आक्षेप व त्याची चिकित्सा

'संमती, सुनावणी, न्यायालय यांत वर्षे जातात, देशाला वीज आज हवी आहे,' असा आक्षेप घेतला जातो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. न्यायालयीन विलंब हे वास्तव आहे आणि जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करण्याचा खर्च अल्पभूधारकाला न परवडणारा असतो. परंतु विलंब हा कायद्याच्या राज्यातील दोष आहे. त्यावरील उपाय म्हणजे प्रक्रिया जलद व सुलभ करणे होय, ती वगळणे नव्हे. दाभोळमध्ये प्रक्रिया वगळून वेळ वाचला नाही, उलट प्रकल्पच बंद पडला. शिवाय पवनचक्की पंचवीस वर्षे उभी राहावयाची असते. एवढा काळ नाराज शेजाऱ्यांमध्ये राहून कोणताही प्रकल्प सुरक्षित राहू शकत नाही.

> स्वयंअध्ययन प्रश्न – २
> (अ) पवनचक्कीची जागा व वीजवाहिनीचा मार्ग यांबाबत संमतीचा नियम कसा वेगळा आहे?
> (आ) वाहिनीची भरपाई अपुरी वाटल्यास दाद कोठे मागावी?
> (इ) थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किती दिवसांची नोटीस लागते?

७.४ सारांश

ऊर्जा सुरक्षा ही केवळ निर्मितीक्षमतेवर अवलंबून नसते. शासन व कंपनी यांच्यातील करार पारदर्शक व टिकाऊ असणे, जमीनधारकाला अधिकार व भरपाई यांची माहिती असणे, ग्राहकाला वैयक्तिक न्याय मिणे व सर्वांना भयमुक्त वातावरण लाभणे, हे तिचे चार आधार आहेत. दाभोळने पहिल्या आधाराचे महत्त्व दाखविले, तर धाराशिवचे माळ आज उरलेल्या तिन्हींची परीक्षा पाहत आहेत. वारा फुकट मिळतो, विश्वास मात्र नियम पाळूनच मिळवावा लागतो.

७.५ पारिभाषिक शब्द

*भारनियमन* – मागणीपेक्षा वीज कमी असताना ठरावीक वेळ पुरवठा बंद ठेवणे.
*रोहित्र* – विजेचा दाब कमी-अधिक करणारे उपकरण, डीपी.
*समवर्ती सूची* – ज्या विषयांवर केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतात, त्यांची यादी.
*भोगवटादार वर्ग २* – हस्तांतरणावर निर्बंध असलेला जमीनधारणेचा प्रकार.

७.६ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) परवडणाऱ्या किमतीत ऊर्जेची अखंड उपलब्धता म्हणजे ऊर्जा सुरक्षा. (आ) अनुच्छेद ३००-अ. (इ) महानिर्मिती, महापारेषण व महावितरण.

प्रश्न २ : (अ) पवनचक्कीच्या जागेसाठी मालकाची संमती अनिवार्य असते. कलम १६४ च्या आदेशाखालील वाहिनीसाठी पूर्वसंमती लागत नाही, पण पूर्ण भरपाई द्यावी लागते. (आ) जिल्हा न्यायाधीशांकडे. (इ) १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस.

७.७ सरावासाठी स्वाध्याय

१. दाभोळ वीज प्रकल्पाच्या अपयशाची कारणे सांगून त्यातून मिळणारा धडा विशद करा.
२. 'कायदा असणे व कायद्याचे राज्य असणे या भिन्न गोष्टी आहेत' – वीजवाहिन्यांच्या संदर्भात चर्चा करा.
३. थकबाकीसाठी सामूहिक वीजबंदी करणे न्याय्य आहे काय? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.

७.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा शेजारच्या गावातील अशा एका शेतकऱ्याची मुलाखत घ्या, ज्याच्या शेतातून वीजवाहिनी गेली आहे. त्याला लेखी नोटीस मिळाली होती काय, पंचनामा त्याच्या समक्ष झाला काय आणि दर कसा ठरला हे त्याला सांगितले गेले काय, या तीन प्रश्नांची उत्तरे नोंदवून दोन पानांचा अहवाल तयार करा. अहवालात त्या शेतकऱ्याचे नाव किंवा गट क्रमांक लिहू नये.